कुत्र्याला दौडीत नेताना

शिवजयंतीच्या आदल्या रात्री शिवनेरीहून निघणाऱ्या सगळ्या रस्त्यांवर माणसं धावत असतात. गडावर ज्योत पेटवायची आणि ती धावत आपल्या गावी न्यायची, हा मंडळांचा जुना रिवाज. कल्याण-मुरबाडकडची पथकं गणेशखिंडीतून बनकरफाट्याला महामार्गाला लागतात. मग जुन्नर तालुक्यातलं मढ मागे टाकून खुबी फाट्यावरून माळशेज घाटात शिरतात. पुढे ज्योत घेतलेला गडी, त्याच्यामागे झेंडे, मागे टेम्पो आणि टेम्पोवर स्पीकर. पुष्कळ जण अनवाणी धावतात. तारखेची जयंती १९ फेब्रुवारीला झाली की तिथीची फाल्गुन वद्य तृतीयेला येते आणि हाच रस्ता पुन्हा भरतो. नवरात्रात देवीच्या ज्योती निघतात, ३१ ऑक्टोबरला एकता दौड असते, शिवाय अलीकडे तालुक्या-तालुक्यात मॅरेथॉनही होऊ लागल्या आहेत.

या दौडींत आता कुत्रीही दिसतात. कुणी घरचा लॅब्रॅडॉर हौसेने आणतो, तर कुठे गावातलं एखादं कुत्रं मंडळाबरोबर आपणहून सुटतं. एकट्याने सकाळी कुत्र्याला घेऊन धावण्यात काही अवघड नाही. शेदोनशे माणसांच्या घोळक्यात मात्र सगळंच बदलतं. कुत्र्याच्या उंचीवरून त्याला चेहरे दिसत नाहीत, दिसतात ते चहूबाजूंनी अंगावर येणारे पाय. त्याच्या दोरीत अडकून पडणाऱ्याला तर आपल्या शेजारी कुत्रं आहे याचा पत्ताच नसतो. दौडीत यायचं की नाही हे कुत्र्याला कुणी विचारलेलं नसतं आणि मागून येणाऱ्यालाही नसतं. त्या दोघांच्या वतीने विचार करायची जबाबदारी दोर धरणाऱ्याची आहे. खालच्या सूचना त्याच्यासाठी आहेत.

आधी ठरवा: न्यायचं की नाही

पहिला प्रश्न आयोजकांना. मोठ्या शहरी मॅरेथॉनच्या नियमावलीत पाळीव प्राण्यांना बहुधा मनाई असते आणि ती पाळायची असते. गावच्या दौडीला नियमावली नसते, पण ठरवणारी माणसं असतात. मंडळाच्या अध्यक्षाला किंवा शाळेच्या क्रीडाशिक्षकाला आठवडाभर आधी विचारा. ‘न्या की, कोण काय म्हणतंय’ एवढ्यावर थांबू नका. किती माणसं येणार, रस्ता किती रुंद, पुढे बँड किंवा डीजे आहे का, फटाके वाजणार का, लहान मुलं धावणार का, हेही विचारा. फटाके किंवा डीजे असेल तर विषय तिथेच संपवा. माणसाच्या कानाला जो आवाज नुसता मोठा वाटतो तो कुत्र्याला असह्य होतो, आणि बिथरलेलं कुत्रं मालकालाही चावू शकतं.

दुसरा प्रश्न कुत्र्याच्या अंगकाठीचा. चपट्या नाकाच्या पग, बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर या जातींना धावायला लावू नका. अंगातली उष्णता कुत्रं मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतं आणि यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते. वर्षाच्या आतलं पिल्लू कितीही उड्या मारत असलं तरी डांबरावर लांब पळवायचं नाही, कारण हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते. मोठ्या जातींच्या बाबतीत दीड वर्ष थांबावं. म्हातारं, लठ्ठ, लंगडणारं, नुकतंच आजारातून उठलेलं, गाभण किंवा माजावर आलेलं कुत्रं घरीच बरं. माजावरची कुत्री दौडीत आणली तर वाटेतल्या प्रत्येक वाडीतले कुत्रे मागे लागतील, मग दौड बाजूलाच राहील.

सडपातळ गावठी कुत्री आणि कारवानसारखे शिकारी कुत्रे पळायला चांगले. पण चांगला पळणारा कुत्रा गर्दीत शांत राहीलच असं नाही. कारवान हा नजरेने शिकार करणारा कुत्रा. समोरून एखादी शेळी किंवा मांजर आडवी गेली की त्याला तुमची हाक ऐकू येत नाही. हस्कीसारख्या दाट केसांच्या थंड मुलखातल्या जातींना आपल्याकडचं फेब्रुवारीचं ऊनही सोसत नाही.

तिसरा प्रश्न स्वभावाचा, आणि त्याची परीक्षा सोपी आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी कुत्र्याला बाजाराच्या कडेला नेऊन उभं करा आणि त्याच्या आवडीचा तुकडा पुढे धरा. त्याने तो मजेत खाल्ला तर गर्दी त्याला झेपते आहे. एरवी हावरट असलेल्या कुत्र्याने तुकड्याकडे पाहिलंही नाही तर ते घाबरलं आहे, मग बाहेरून कितीही शांत दिसो. शेपटी पोटाखाली जाणं, कान मागे पडणं, पुन्हा पुन्हा ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया देणं, डोळ्याचं पांढरं दिसणं ही भीतीचीच लक्षणं आहेत. गुरगुरणं पुष्कळ नंतर येतं. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नका. मार खाऊन ते गुरगुरणं सोडून देतं आणि पुढच्या वेळी इशारा न देता चावतं.

चौथी गोष्ट लसीची. रेबीजची लस चालू मुदतीतली हवी आणि नोंदवही सोबत हवी. पावसाळ्यानंतरच्या दौडीसाठी लेप्टोस्पायरोसिसच्या लसीबद्दलही पशुवैद्यकाला विचारा. साचलेल्या डबक्यातलं पाणी पिऊन हा आजार होतो आणि तो माणसालाही लागतो.

दोन महिने आधीपासून

रोज अंगणात बांधलेलं कुत्रं एका सकाळी दहा किलोमीटर पळवणं हा अन्याय आहे. माणूस दमला की थांबतो. कुत्रं मालक पळतोय तोवर पळत राहतं आणि एकदम कोसळतं. म्हणून सुरुवात एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं अशी करा. पहिल्या दोन आठवड्यांत एकूण वीस मिनिटांच्या वर जाऊ नका. नंतर दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा आणि आठवड्यातून दोन दिवस पूर्ण विश्रांती द्या. शक्य तितका सराव मातीवर करा. मढच्या लोकांना यासाठी लांब जावं लागत नाही. पिंपळगाव जोगे धरणाच्या काठाने आणि खुबी फाट्यावरून खिरेश्वरकडे सकाळच्या वेळी मोकळी वाट मिळते, आणि पंज्यांना डांबराची सवय हळूहळू लावता येते.

धावण्याबरोबर चार शब्द पक्के करून घ्या: ‘थांब’, ‘चल’, ‘मागे’ आणि ‘सोड’. शब्द कोणताही चालेल, पण घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. एकाने ‘थांब’, दुसऱ्याने ‘स्टॉप’, तिसऱ्याने ‘ए बस’ म्हटलं तर कुत्र्याने काय समजायचं? गर्दीत सगळ्यात कामाचे शब्द ‘मागे’ आणि ‘सोड’. अरुंद जागेत कुत्र्याने तुमच्या मागे यायला हवं आणि रस्त्यावर पडलेलं हाड तोंडातून टाकायला हवं. पंधरा माणसं धावत असतानाही हे शब्द ऐकले जाईपर्यंत शंभर माणसांत जाऊ नका. आधी दोन मित्रांबरोबर, मग सहा, मग शाळेच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या मागून लांब अंतर ठेवून, अशा पायऱ्या करा.

दोर, पट्टा आणि हात

धावताना दोर गळ्यातल्या पट्ट्याला लावू नका. झटका बसला की सगळा भार मानेवर आणि श्वासनलिकेवर येतो. छातीभोवती बसणारा हार्नेस घ्या. तो अंगाला लागलेला हवा, पण खाली दोन बोटं सहज जायला हवीत. पहिल्याच दिवशी नवाकोरा हार्नेस घालून दौडीला जाऊ नका, काखेत घासून जखम होते. गळ्यातला पट्टा राहू द्या, पण तो नाव-नंबराच्या बिल्ल्यासाठी. बिल्ल्यावर कुत्र्याच्या नावापेक्षा तुमचा मोबाइल नंबर महत्त्वाचा.

दोर चार-साडेचार फुटांचा पुरे. कापडी किंवा नायलॉनचा, पकडायला रुंद. लोखंडी साखळी नको, ती दुसऱ्याच्या घोट्याला लागली तर हाड दुखावतं. बटण दाबलं की लांब होणारी गुंडाळीची दोरी तर गर्दीत नकोच. कुत्रं पंधरा फूट पुढे गेल्यावर ती बारीक दोरी कुणाला दिसत नाही आणि पळणाऱ्याची पोटरी कापून निघते.

कमरेला दोर बांधून धावण्याचा एक खेळ आहे, त्याला कॅनिक्रॉस म्हणतात. त्यात कुत्रं पुढे ओढतं आणि माणूस मागे पळतो. युरोपात त्याच्या वेगळ्या शर्यती होतात आणि मोकळ्या जंगलवाटेवर तो चांगला खेळ आहे. पण घोळक्यात कमरेचा दोर सोडायला वेळ लागतो आणि कुत्रं दोन पावलं पुढे राहिल्याने ते दुसऱ्यांच्या पायांत जातं. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये सुरू झालेली आणि आता अनेक देशांत दर शनिवारी होणारी पार्करन ही पाच किलोमीटरची सामुदायिक दौड आहे. तिनेही अनुभवानंतर कमरपट्ट्याची परवानगी काढून घेतली. जिथे कुत्र्याला परवानगी आहे तिथे माणशी एकच कुत्रं आणि हातात धरलेला आखूड, न लांबणारा दोर, हा तिचा नियम. आपल्या दौडींनाही तो जसाच्या तसा लागू करावा.

दोर हातात धरायचा, मनगटाला वेढा द्यायचा नाही. कुत्र्याने अचानक झेप घेतली तर मनगट मुरगळतं, माणूस तोंडावर आपटतो आणि मागचे चार जण त्याच्या अंगावर येतात. एक हात मूठ धरायला आणि दुसरा मधून दोर आखडायला, अशी सवय लावा. मोबाइल खिशात ठेवा. एका हातात दोर आणि दुसऱ्या हाताने सेल्फी हा प्रकार घरी करा.

दौडीच्या दिवशी

धावण्याआधी किमान तीन तास कुत्र्याला पोटभर खायला देऊ नका आणि धावून आल्यावरही तासभर थांबा. भरल्या पोटी पळाल्यास जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो आणि त्यात काही तासांत जीव जातो. निघण्याआधी शी-शू उरकून घ्या. तरीही सोबत दोन-तीन पिशव्या ठेवाच. मागून अनवाणी येणाऱ्याला रस्त्यात काय लागेल याचा विचार करा. पिशवी कचऱ्याच्या डब्यापर्यंत न्यायची, रस्त्याकडेच्या झुडपात भिरकावायची नाही.

सुरुवातीच्या रेषेवर पुढे उभं राहू नका. सगळ्यात मागे आणि एका कडेला उभे राहा. सुरुवातीची दोन मिनिटं सर्वांत धोक्याची. सगळे एकदम सुटतात, ओरडतात, एकमेकांना ढकलतात. पूर्ण घोळका पुढे जाऊ द्या आणि मग निघा. कुत्रं कायम कडेच्या बाजूला आणि तुम्ही त्याच्या आणि इतरांच्या मध्ये. म्हणजे पहिला धक्का तुम्हाला बसेल. कुणाला मागे टाकायचं असेल तर आधी मोठ्याने सांगा, ‘डावीकडून येतोय, कुत्रा आहे’. उत्तर आल्यावरच पुढे जा. समोर वळण असेल, रस्ता अरुंद होत असेल किंवा पाण्याचं टेबल असेल तर चालत जा. तुमची वेळ बिघडेल, पण वेळ काढायची असेल तर त्या दिवशी कुत्र्याला आणायचंच नाही.

एका कुत्र्याने काय होऊ शकतं हे सायकलींच्या मोठमोठ्या शर्यतींनीही पाहिलं आहे. २००७च्या टूर द फ्रान्समध्ये मार्कुस बुर्गहार्ट या जर्मन सायकलपटूची सायकल रस्ता ओलांडणाऱ्या कुत्र्यावर आदळली. पुढचं चाक मोडलं आणि तो हवेतून पुढे फेकला गेला. ते कुत्रं कुणावर धावून आलं नव्हतं. मोकळं होतं आणि रस्ता ओलांडत होतं, एवढंच.

शिवज्योतीच्या दौडीत आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. मशालीपासून कुत्रं बरंच मागे ठेवा. तेलाचे थेंब आणि ठिणग्या वाऱ्याने मागे येतात आणि केसाळ अंगावर पडल्या तर लवकर कळतही नाही. दुसरी गोष्ट टेम्पोची. आपली पाळी संपली की धावणारा टेम्पोत बसतो, पण कुत्र्याला स्पीकर आणि जनरेटरच्या शेजारी कोंबायचं नाही, आणि फाळक्याला दोर बांधून तर कधीच उभं करायचं नाही. ब्रेक लागला, कुत्रं बाहेर उडालं आणि दोर गळ्यात राहिला, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. कुत्र्यासाठी वेगळी गाडी आणि त्याच्याजवळ बसणारा घरचा माणूस असेल तरच त्याला न्या.

ऊन आणि डांबर

मढला फेब्रुवारीची पहाट चांगलीच गार असते. त्या गारव्याने फसू नका. नऊनंतर ऊन चढतं आणि रस्ता तापायला लागतो. हाताची पालथी बाजू डांबरावर ठेवून सात आकडे मोजा. तेवढा वेळ हात टिकला नाही तर कुत्र्याचे पंजेही टिकणार नाहीत. तिथीची जयंती मार्चमध्ये आली किंवा दौड ऑक्टोबरच्या उन्हात असली तर कुत्र्याचा भाग सकाळी आठच्या आत संपवा.

दर दोनेक किलोमीटरला थोडं थोडं पाणी पाजा, एकदम भांडंभर नको. माणसांचं इलेक्ट्रॉलचं किंवा रंगीत शक्तिपेय त्याला देऊ नका. फराळाच्या टेबलावरही लक्ष ठेवा. जुन्नर-नारायणगाव पट्टा द्राक्षांचा, त्यामुळे दौडीनंतर द्राक्षं आणि मनुके वाटले जाण्याचा संभव इथे जास्त. कुत्र्याच्या मूत्रपिंडाला दोन्ही घातक आहेत. चॉकलेटही विषारीच.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असतं. ते १०५च्या पुढे गेलं तर जिवाला धोका असतो. थर्मामीटर नसला तरी खुणा दिसतात. धाप थांबत नाही, जीभ रुंद होऊन बाहेर लोंबते, हिरड्या लालभडक होतात, लाळ घट्ट होते, चाल लडखडते, उलटी होते. यातलं काहीही दिसलं की दौड तिथेच संपली. कुत्र्याला सावलीत घ्या आणि मिळेल त्या साध्या गार पाण्याने अंगावर सतत धार धरा. पोट, काखा आणि पाय आधी भिजवा. कागदाने, टोपीने, कशानेही वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो तापतो आणि उष्णता आत कोंडतो. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नका. माणसांची पॅरासिटामॉल किंवा अंगदुखीची गोळी तर अजिबात नको. अंग गार करायला सुरुवात केल्यावरच पशुवैद्यकाकडे निघा आणि गाडीतही वारा चालू ठेवा. कुत्रं सावरल्यासारखं दिसलं तरी दाखवायचंच, कारण आतल्या अवयवांचं नुकसान दुसऱ्या दिवशी दिसतं. महाराष्ट्रात पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. पण सुट्टीच्या दिवशी कोणता डॉक्टर भेटेल हे आदल्या दिवशीच विचारून ठेवलेलं चांगलं.

मढच्या रस्त्यावर एवढं जास्त

इथली पहिली गोष्ट बिबट्या. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारण केंद्र आहे, यावरूनच तालुक्यात बिबट्यांचा वावर किती ते कळतं. हरिश्चंद्रगडापलीकडच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला. त्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. म्हणजे या भागात अंधारात कुत्रं घेऊन धावणं हे बिबट्याला बोलावणं आहे. ज्योत रात्रभर धावते, पण कुत्र्याने फक्त उजेडातला टप्पा धावावा. पूर्ण उजाडल्यावर निघा, दिवस मावळायच्या आत संपवा आणि सरावालाही हाच नियम लावा. उसाच्या आणि झाडीच्या कडेने जाताना कुत्रं अचानक थबकलं, केस उभे राहिले किंवा मागे ओढायला लागलं तर ओढत पुढे नेऊ नका, परत फिरा. बिबट्या दिसला तर पळू नका, आवाज करत, तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे सरा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

दुसरी गोष्ट वाटेतली गावकुत्री. प्रत्येक वाडीची कुत्री आपली हद्द राखतात. एकटा माणूस पळत गेला तर ती भुंकून गप्प बसतात, पण त्याच्याबरोबर परका कुत्रा असला की टोळी अंगावर येते. अशा वेळी धावणं थांबवा, दोर आखडा, आपलं कुत्रं बाहेरच्या कडेला घ्या आणि संथ चालत हद्द ओलांडा. दगड उचलायला वाकल्यासारखं केलं तरी बहुतेक गावकुत्री चार पावलं मागे सरतात, प्रत्यक्ष दगड मारायची गरज पडत नाही. मेंढ्यांचा वाडा बसलेला असेल तर बरंच लांबून जा. मेंढपाळाची कुत्री राखणीसाठीच वाढवलेली असतात, त्यांच्याकडून सवलतीची अपेक्षा नको.

तिसरी गोष्ट दौडीमागे लागणाऱ्या मोकळ्या कुत्र्यांची, आणि तिच्याकडे कुणी फारसं पाहत नाही. एखाद्या वाडीतलं तरुण कुत्रं घोळक्याबरोबर निघतं. पोरं बिस्किटं टाकतात, व्हिडिओ काढतात, ‘आमच्याबरोबर पंधरा किलोमीटर आलं’ म्हणून कौतुक होतं. पुढे घाट लागतो, ज्योत खाली उतरते आणि ते कुत्रं परक्या हद्दीत, ट्रकच्या रस्त्यावर एकटं उरतं. परतीच्या वाटेवर त्याला प्रत्येक वाडीच्या कुत्र्यांशी सामना करावा लागतो. म्हणून वाटेत कुत्र्याला खायला घालून मागे लावून घेऊ नका. ते गावाच्या वेशीबाहेर आलं तर तिथेच थांबून गावातल्या कुणाच्या तरी हवाली करा. वेशीबाहेर बरंच लांब आलेलं असेल तर मागच्या गाडीतून परत सोडायची जबाबदारी मंडळाने घ्यावी.

चौथी गोष्ट घाटाचा रस्ता. माळशेजला पावसाळ्यात धुकं एवढं दाट येतं की पुढचा माणूसही दिसत नाही. अवजड वाहनं त्याच रस्त्याने जातात आणि सुट्टीच्या दिवशी पर्यटकांची गर्दी वेगळी. त्या दिवसांत घाटात कुत्र्याला घेऊन धावूच नका. एरवीही घाटातला टप्पा कुत्र्यासाठी वगळावा. वळणावळणावर बसलेली माकडं हे आणखी एक कारण. यात्रेच्या दिवसांत बैलगाडा शर्यतीसाठी नेलेली बैलं रस्त्यात भेटतात, तेव्हाही कुत्र्याला लांब उभं करून ती पूर्ण पुढे जाऊ द्या. बुजलेल्या बैलजोडीपुढे दोर धरणारा माणूस काहीच करू शकत नाही.

बाकीच्या धावणाऱ्यांनी

कुत्रं आणि त्याचा मालक यांच्या मधून जाऊ नका, दोरीत पाय अडकतो. मागून येताना हाक द्या. अनोळखी कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवायला थांबू नका, विशेषतः मुलांना हे आधीच सांगून ठेवा. धापा टाकत असलेलं, गर्दीने आधीच वैतागलेलं कुत्रं वरून आलेल्या हातावर दात मारू शकतं. मोकळं कुत्रं मागे लागलं तर वेग वाढवू नका, वेगामुळेच त्याला पाठलागाची ऊर्मी येते. थांबा, हात अंगाशी ठेवा, डोळ्यांत रोखून पाहू नका. बहुतेक कुत्री वास घेऊन निघून जातात.

चावलंच तर

जखम लहान असो की मोठी, ती लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, मिरची, तंबाखू, काही लावू नका. त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. रेबीजची लस ठरलेल्या दिवसांनीच घ्यायची असते आणि मधला डोस चुकवायचा नसतो. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते डॉक्टरांना आठवणीने विचारा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की उपचार उरत नाही, म्हणून ‘घरचं कुत्रं आहे, काही होत नाही’ या भरवशावर राहू नका.

कुत्र्याच्या मालकाने पळ काढू नये. आपलं नाव, फोन आणि लसीची नोंदवही जखमी माणसाला दाखवावी आणि त्याच्याबरोबर दवाखान्यात जावं. पुढचे दहा दिवस कुत्र्याला घरी बांधून त्याच्यावर लक्ष ठेवायचं असतं. ते त्या काळात आजारी पडलं किंवा मेलं तर ताबडतोब कळवायचं. हा केवळ माणुसकीचा भाग नाही. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून इतरांच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये याची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१नुसार गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आयोजकांनी

कुत्र्यांना परवानगी आहे की नाही, हे दौडीच्या पत्रकावरच छापा. परवानगी असेल तर अटीही छापा: लसीची नोंदवही, माणशी एक कुत्रं, हातात आखूड दोर, सगळ्यात मागून सुरुवात. दोनशेच्या वर माणसं असतील तर कुत्र्यांची तुकडी दहा मिनिटं मागून सोडणं सगळ्यांत सोयीचं. पाण्याच्या टेबलापासून दूर एक बादली आणि पसरट भांडं ठेवा. नोंदणीच्या जागी लसीची वही पाहायला एक माणूस नेमा आणि एखादं कुत्रं बिथरलेलं दिसलं तर त्याला बाजूला काढायचा अधिकार त्याला द्या.

आणि रस्ता मोकळा करायचा म्हणून आदल्या रात्री गावकुत्री पोत्यात भरून घाटात सोडायची, हा उद्योग कुणी सुचवला तर साफ नकार द्या. ती क्रूरता आहे, कायद्यातही ती बसत नाही आणि उपयोगही होत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी कुत्री येतात. त्यापेक्षा ज्यांच्या दारात ती कुत्री बसतात त्यांना दोन तास बांधून ठेवायची विनंती करा आणि प्रत्येक वाडीच्या तोंडावर तिथलाच एक पोरगा उभा करा. गावची कुत्री गावच्या माणसाचं ऐकतात.

घरी आल्यावर

शेवटची काही मिनिटं चालत या आणि कुत्र्याचा श्वास नेहमीसारखा होईपर्यंत त्याच्याजवळ थांबा. चारही पंजे उलटे करून पाहा. गादीला भेग, फोड, बोटांमध्ये काटा किंवा काच आहे का ते बघा. कानांत, काखेत, शेपटीच्या बुडाशी गोचीड शोधा, पावसाळ्यानंतरच्या गवतात ते हमखास चिकटतात. दुसऱ्या दिवशी कुत्रं उठायला कुरकुरलं, लंगडलं किंवा लघवी गडद झाली तर डॉक्टरांना दाखवा. त्या आठवड्यात पुन्हा धावायचं नाही.

इतकं सगळं वाचून कुणाला वाटेल की मग नेऊच नये. पुष्कळ कुत्र्यांच्या बाबतीत ते खरंच आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. कुत्र्याला पदक नको असतं, तुमचा तासभर हवा असतो. तो तास जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, रिकाम्या रस्त्यावर, त्याच्या वेगाने दिला तरी त्याची हौस पूर्ण फिटते. दौडीत त्यानेच न्यावं ज्याच्या कुत्र्याने बाजारातला तुकडा मजेत खाल्ला आहे, आणि ज्याची स्वतःची मधेच थांबायची तयारी आहे.